लॅबमध्ये 1 लिटरला शांत चालणारी रिअ‍ॅक्शन 1000 लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तापते. असं का होतं आणि डिझाइन कन्सल्टंटकडून कोणत्या चाचण्या करून घ्यायच्या?

आकार तोच ठेवून आकारमान 1000 पट केलं, की जॅकेटचं (रिअ‍ॅक्टरभोवती थंडाव्यासाठी असलेल्या आवरणाचं) क्षेत्रफळ 100 पटच वाढतं. म्हणजे दर लिटरमागे उष्णता काढायला दहावा हिस्सा जागा उरते. लॅबमध्ये अर्ध्या तासात केलेलं डोसिंग (कच्चा माल थोडा थोडा सोडणं) इथे म्हणूनच काही तासांवर जातं.

सगळ्यात आधी रिअ‍ॅक्शन कॅलरीमेट्री (रिअ‍ॅक्शनमधून निघणाऱ्या उष्णतेचं मोजमाप) करून घ्या. तिच्यातून एकूण उष्णता तर कळतेच, पण त्याहून मोलाचं म्हणजे डोसिंगच्या प्रत्येक टप्प्यावर न वापरलेला कच्चा माल किती साचलाय ते कळतं. समजा, उष्णता 150 किलोज्यूल प्रतिकिलो आणि विशिष्ट उष्मा 2 किलोज्यूल प्रतिकिलो प्रतिअंश असेल, तर कूलिंग बंद पडल्यावर तापमान कमाल 75 अंशांनी चढेल. 60 अंशांवर 40 टक्के माल साचलेला असताना कूलिंग गेलं, तर डोसिंग लगेच थांबवूनही बॅच 90 पर्यंत जाणार. सॉल्व्हंट मिथेनॉल असेल तर तो 65 लाच उकळतो, तेव्हा व्हेंट आणि कंडेन्सर त्या हिशेबाने हवेत. 90 अंशांना मिश्रणाचं विघटन सुरू होतं का, हे डीएससी (छोटा नमुना तापवत उष्णता मोजणारं यंत्र) आणि अ‍ॅडियाबॅटिक (उष्णता बाहेर न जाऊ देणाऱ्या) कॅलरीमीटरवर तपासायचं.

‘सुरक्षित राहावं’ म्हणून बॅच जास्त थंड ठेवू नका! रिअ‍ॅक्शन मंदावते, माल साचत जातो आणि नंतर सगळा एकदम रिअ‍ॅक्ट होतो. डोसिंग आपोआप थांबवणारा इंटरलॉक कमी तापमानालाही हवा, आणि स्टरर थांबल्यावरही. न मिसळलेल्या मालाचे थर साचल्यावर स्टरर पुन्हा चालू करणं फार धोक्याचं.