घरची एक टेम्पो ट्रॅव्हलर आहे, बेळगावातून छोट्या सहली काढतो. हिशेबासाठी टॅली घेऊ की एक्सेल पुरे?

सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो. प्रश्नाखाली तुम्ही सहज लिहून गेलात की ‘गाडी घरचीच आहे, त्यामुळे भाड्याचा खर्च नाही.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे छोटे टूरवाले याच वाक्यावर बुडतात, आणि त्यांच्या वह्या लिहिणाऱ्या आम्हा लोकांचा त्यांच्याशी जुना वादही यावरूनच आहे. गाडी घरची असली तरी तिचं भाडं प्रत्येक सहलीच्या जमाखर्चाच्या पत्रकात लावायचं, आणि तेही बाजारभावानं. यात तडजोड नाही.

एक सहल घेऊन बघा. अष्टविनायक, तीन दिवस, दोन रात्री. 17 सीटर गाडी, त्यात एक जागा तुमच्या माणसाची, विकायला 16. बेळगाव-पुणे जाऊन येऊन आणि आठ गणपतींचा फेरा मिळून 1,350 किमी धरा. किमीला 26 रुपयांनी भाडं 35,100. ड्रायव्हरचा भत्ता 1,800, टोल, पार्किंग आणि परमिटचा कर मिळून 5,600, बरोबरच्या माणसाचे 4,500. झाले 47,000. माणसं बारा असोत की सोळा, हे द्यावेच लागतात. शिवाय माणशी दोन रात्रींच्या खोलीचे 1,300 आणि जेवण-नाश्त्याचे 1,500, म्हणजे 2,800. सीटचा दर 6,800, त्यातच 5 टक्के जीएसटी. 6,800 ला 105 नं भागून 5 नं गुणलं की 324 येतात, ते सरकारचे. उरले 6,476. त्यातून 2,800 गेले की एका सीटमागं 3,676 सुटतात.

आता 47,000 ला 3,676 नं भागा, 12.8 येतं. म्हणजे तेरावी सीट भरेपर्यंत सहल तोट्यातच. ऑफिस, फोन, जाहिरात यांचा महिन्याचा खर्च 12,000 आणि महिन्याला चार सहली धरल्या तर दर सहलीवर आणखी 3,000 चढतात, मग चौदावी सीट लागते. सोळाही भरल्या तर खरे सुटतात 8,800. त्या सोळात दोन मुलं हाफ तिकिटावर घेतली, त्यांना सीट आणि जेवण मात्र पूर्ण दिलं, की उरतात 2,300.

‘गाडी घरचीच’ म्हणणारा काय करतो? तो 35,100 धरतच नाही, फक्त डिझेल धरतो. लिटरला 10 किमी, 90 रुपये लिटर, म्हणजे 12,150. त्याला त्याच सहलीत 31,750 नफा दिसतो. शेजारच्या गल्लीतल्यानं दर पाडला की हाही बिनधास्त 5,800 वर येतो. त्याच्या मते अजून 16,500 सुटतात. खरं पत्रक सांगतं की सोळा सीट भरूनही 6,400 चा तोटा आहे. हा तोटा त्या दिवशी दिसत नाही. क्लच गेला, विमा भरायची वेळ आली, टायर बदलायचे झाले की दिसतो, आणि तेव्हा पैसे उचलले जातात ते पुढच्या सहलीच्या आगाऊ रकमेतून. मग दिवाळीच्या बुकिंगनं गाडीचा हप्ता जातो, डिसेंबरच्या बुकिंगनं दिवाळीच्या हॉटेलचं बिल. एखाद्या मोठ्या ग्रुपनं बुकिंग रद्द करून पैसे मागितले की सगळी साखळी तुटते.

म्हणून आगाऊ रक्कम ही सहल सुटेपर्यंत तुमच्यावरचं देणं आहे, जमा नव्हे. तिच्यासाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. पैसे बाहेर काढायचे ते त्याच सहलीच्या हॉटेलला किंवा गाडीला द्यायला. शिल्लक सहल परतल्यावर, पत्रक बंद झाल्यावर. जीएसटीचं मात्र उलट आहे. सेवेच्या आगाऊ रकमेवर कर रक्कम हातात येते तेव्हाच लागतो. तेव्हाच पावती व्हाउचर (आगाऊ रक्कम मिळाल्याची पावती) फाडा, आणि बुकिंग रद्द झालं तर परतावा व्हाउचर.

आपल्या सीमाभागात आणखी एक चूक सर्रास होते. बुकिंगच्या पावतीवर नुसतं नाव आणि मोबाईल लिहितात. ग्राहक बेळगावातल्या शहापूरचा असेल तर केंद्र आणि राज्याचा अडीच-अडीच टक्के, महाराष्ट्रातल्या शिनोळी, चंदगड किंवा गडहिंग्लजचा असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, 5 टक्के. पत्ता राज्यासकट लिहून घ्या. चुकीच्या खात्यात भरलात तर बरोबर खात्यात पुन्हा भरायचा आणि आधीचा परत मागायचा. हॉटेल आणि जेवणाच्या बिलावरचा जीएसटी तुम्हाला तुमच्या भरायच्या करातून वळता करून मिळत नाही, तो खर्चातच धरा. आणि उलाढाल म्हणजे ग्राहकानं दिलेली पूर्ण रक्कम, तुमचं कमिशन नव्हे. वरच्या दरानं एकोणिसाव्या सहलीला जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा ओलांडली जाते. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या त्या यूपीआयचे आकडे बघूनच, त्यामुळे ‘कोण विचारतंय’ म्हणायचे दिवस गेले.

सहलीवर जाणाऱ्या माणसाला दिलेली उचल खर्चात टाकू नका, त्याच्या नावावर लिहा. परतल्यावर दुसऱ्या दिवशी डिझेलच्या पावत्या, प्रत्येकीवर मीटरचं रीडिंग, आणि उरलेली रोकड घेऊनच ते नाव कोरं करा. टोल फास्टॅगच्या स्टेटमेंटवरून उतरवा: कोगनोळी, किणी, तासवडे, सगळे तारखेसकट मिळतात. हॉटेलवाल्याला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. 10,000 ऐवजी 35,000 पर्यंत रोखीची सवलत आहे ती मालवाहू गाड्यांच्या भाड्याला, प्रवासी गाडीला नाही.

दोन गोष्टी राहिल्या. जीएसटी नोंदणी नसेल तर ग्राहकाकडून कर घेऊ नका, पत्रकातून 324 ही काढून टाका. आणि घरच्या गाडीचं भाडं फक्त पत्रकात लावायचं, रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं नाही, कारण दोन्ही खिसे एकाच मालकाचे. गाडीचं स्वतंत्र खातं काढा: भाडं जमा, समोर डिझेल, ड्रायव्हरचा पगार, विमा, टायर, सर्व्हिसिंग, घसारा, कर्जाचं फक्त व्याज. हप्त्यातली मुद्दल खर्च नव्हे. वर्षभर हे खातं तोट्यात राहिलं तर गाडी विका आणि भाड्याची वापरा, माझं मत स्पष्ट आहे.

नोंदणी होईपर्यंत एक्सेल पुरे, एका सहलीला एक पान. नोंदणी झाली की टॅली घ्या, त्यात प्रत्येक सहलीचं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा वेगळा कप्पा, करा, आणि ट्रॅव्हलरचं एक वेगळं.