गर्दीतला साल्सा: पाऊल आखडतं घ्या

तीन महिने साल्सा हा जोडीने करायचा नाच शिकतोय. क्लासमध्ये क्रॉस बॉडी लीड (पार्टनरला समोरून पलीकडे पाठवणं), राइट टर्न व्यवस्थित जमतात. सोशलला (नाचाच्या पार्टीला) मात्र गर्दी झाली की कुणावर तरी आदळतो आणि काउंटही (एक ते आठची मोजणी) सुटतो. सराव कमी पडतोय का? (एक वाचक, पुणे)

सराव कमी नाही, पाऊल मोठं आहे. धक्का लागणं आणि काउंट सुटणं ही दोन दुखणी वाटतात, पण मूळ एकच. मिनिटाला १८० बीट्सचं गाणं धरा. एका बीटला सेकंदाचा तिसरा भाग मिळतो. तेवढ्यात लांब टाकलेलं पाऊल परत आणायचं, तर वजन दोन्ही पायांच्या मध्येच लटकतं, मग सहा उशिरा येतो आणि सात हुकतो.

घरात दोन फुटी फरशी असेल तर पूर्ण बेसिक (एक ते आठची मूळ पावलं) तिच्या आत करून बघा. एकला डावा पाय अर्धं पाऊल पुढे, पाचला उजवा अर्धं पाऊल मागे. मागचा पाय चवड्यावरच टेकवा. टाच खाली गेली की अंगही मागे जातं, आणि मागच्याच्या पोटरीला तुमची टाच लागते ती तिथेच. चार आणि आठला थांबा; घाईत हे दोन काउंट गिळले जातात.

आता जागा. ऑन-वन किंवा ऑन-टू (पुढे-मागे जाणारं मुख्य पाऊल पहिल्या किंवा दुसऱ्या बीटला घेऊन) नाचणारी जोडी एका अदृश्य पट्ट्यात पुढे-मागे होते. फ्लोरवर गेल्यावर शेजारच्यांचा पट्टा कोणत्या दिशेला आहे ते बघा आणि आपला त्याला समांतर लावा. आडवे उभे राहिलात तर दर क्रॉस बॉडीला तुमची पार्टनर त्यांच्यात घुसणार. क्युबन पद्धतीने नाचणाऱ्या जोड्या गोल फिरतात, त्यांच्यापासून थोडं लांबच बरं.

क्रॉस बॉडीत एक-दोन-तीनला तुम्ही डावीकडे वळून वाट मोकळी करता आणि पाच-सहा-सातला ती तुमच्यासमोरून पलीकडे जाते. वळतानाच डाव्या खांद्यावरून तिच्या उतरण्याच्या जागेकडे नजर टाका. तिथे कुणी असेल तर पाठवू नका, पुन्हा बेसिक घ्या. पाठवलंच नाही तर काही राहून गेलं हे कुणाला कळतही नाही.

टर्न देताना हात तिच्या डोक्याच्या बरोबर वर हवा आणि चहाच्या बशीएवढ्या वर्तुळात फिरायला हवा. तो पुढे ओढलात तर तिचा तोल पुढे जातो आणि ती दोन पावलं जास्त घेते. बोटं नुसती आकड्यासारखी अडकवा. अंगठ्याने दाबून धरलंत तर तिचं मनगट पिळवटतं. आणि डिप (पार्टनरला मागे झुकवणं) गर्दीत नाहीच. मागे झुकलेल्या डोक्याच्या उंचीवर शेजाऱ्यांची कोपरं असतात.

मी फॉलोअर आहे, म्हणजे लीडरच्या इशाऱ्यावर नाचणारी. पायावर टाचा पडतात, मोकळा हातही लोकांना लागतो. काय करावं? (एक वाचक, ठाणे)

हात बरगड्यांपाशी ठेवा, कोपर खाली. हात फेकायची हौस मोकळ्या फ्लोरवर भागवावी. पाय मागे नेताना जमिनीलगत सरकवा, उचलून मागे टाकू नका. लीडरच्या पाठीमागे काय चाललंय ते तुम्हालाच दिसतं, त्याला नाही. मागून कुणी येत असेल तर त्याच्या खांद्यावरचा हात किंचित दाबा. शहाणा लीडर लगेच थांबतो. न थांबणाऱ्याबरोबर पुढचं गाणं नको म्हणायला कारण द्यावं लागत नाही.

बारीक टोकाची टाच गर्दीत टाळाच. स्पोर्ट्स शूजही नकोत: रबरी तळ जमिनीला धरून राहतो, अंग फिरतं आणि पीळ गुडघ्यात जातो. सुएडचा (खरखरीत, लवदार चामड्याचा) किंवा साध्या चामड्याचा तळ घ्या. सुएड रस्त्यावर वापरू नका आणि तो गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने घासा.

सुरुवातीला बचाटा सोपा जातो का? (एक वाचक, पणजी)

गर्दीत हो. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या या नाचात तीन पावलं आणि चौथ्या बीटला टॅप (पाय नुसता टेकवणं), लय साल्सापेक्षा संथ. बाजूला सरकायला जागा नसेल तर तेच काउंट जागच्या जागी करता येतात. फक्त टॅपवाल्या पायावर वजन टाकू नका. टाकलंत की पुढचं पाऊल चुकीच्या पायाने सुरू होतं.