हेलास व्हेरोना हा छोटा फुटबॉल क्लब खरंच इटलीची लीग जिंकला होता का, की ती फक्त रेफ्रींच्या चिठ्ठ्यांची कमाल?

जिंकलं होतं. १९८४-८५ चा सीझन. आणि कसंबसं नाही, पहिल्या मॅचपासून शेवटपर्यंत टेबलच्या वरच राहून जिंकलं. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की त्या वर्षी कुठल्या मॅचला कुठला रेफ्री हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे म्हणून छोट्या टीमचं फावलं असं तुम्ही ऐकलंय. चिठ्ठ्यांची गोष्ट खरी आहे, पण ‘म्हणून’ हा शब्द मला अजिबात पटत नाही. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा माझा लाडका विषय आहे आणि त्या टीमवर हा शिक्का बसलेला बघून मला मनापासून वाईट वाटतं.

आधी क्लबबद्दल. १९०३ साली व्हेरोनातल्या माफ्फेई नावाच्या शाळेतल्या पोरांनी हा क्लब काढला, ‘हेलास’ हे नाव त्यांच्या ग्रीक शिकवणाऱ्या सरांनी सुचवलं. जर्सी पिवळी-निळी, कारण शहराचे रंग तेच. पुढची पन्नासेक वर्षं सांगण्यासारखं फार नाही. सेरी आ, म्हणजे इटलीच्या टॉप लीगमध्ये पहिल्यांदा आले १९५७ ला आणि एकाच सीझनमध्ये परत खाली गेले. इटलीत या क्लबचं नाव गाजलं ते दुसऱ्यांची वाट लावण्यासाठी! मे १९७३ मध्ये मिलान शेवटच्या मॅचला इथे आलं, टेबलमध्ये टॉपवर होतं, चारच दिवस आधी ग्रीसमध्ये युरोपियन फायनल जिंकून दमलेलं, आणि व्हेरोनाने त्यांना ५-३ ने धुतलं, टायटल गेलं युव्हेंटसकडे. तेव्हापासून ‘फाताल व्हेरोना’ म्हणजे घातक व्हेरोना म्हणतात. १९९० ला परत तेच, मिलान इथे २-१ ने हरलं, त्यांच्या व्हॅन बास्टनला रेड कार्ड मिळालं आणि टायटल माराडोनाच्या नापोलीने नेलं. यात वाईट असं की त्याच सीझनमध्ये व्हेरोना स्वतः सेरी बी मध्ये, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये गेलं.

आता मुख्य मुद्दा. १९८१ ला ओस्वाल्दो बान्योली कोच म्हणून आला, तेव्हा टीम सेकंड डिव्हिजनमध्ये होती. मूळचा मिलानच्या बोव्हिसा या कामगार वस्तीतला माणूस, फार कमी बोलणारा. पहिल्याच वर्षी टीम वर आणली, वर आल्या आल्या १९८२-८३ ला थेट चौथा नंबर, आणि १९८३ आणि १९८४ अशी सलग दोन वर्षं इटालियन कपची फायनल (दोन्ही हरले, पहिली युव्हेंटसकडून, तीसुद्धा दोन मॅचच्या फायनलमधली पहिली मॅच २-० ने जिंकून). म्हणजे चिठ्ठ्यांचा प्रकार सुरू व्हायच्या आधीच ही टीम मोठ्या क्लबांच्या खांद्याला खांदा लावून खेळत होती. हे कुणी सांगत नाही.

आणि टीम कोणाची होती बघा. फान्ना आणि गाल्देरीझी युव्हेंटसमध्ये बेंचवर बसून कंटाळलेले. कॅप्टन त्रिचेल्ला इंटरच्या ज्युनियर टीममधून बाहेर पडलेला. गोलकीपर गारेल्ला तर लाझिओत असताना एवढा घाण खेळला होता की त्याच्या चुकांना त्याच्याच नावावरून शब्द पडला होता. त्याची स्टाईल विचित्र होती, पायाने, गुडघ्याने, जे हाताला-पायाला येईल त्याने बॉल अडवायचा, हाताने पकडायच्या भानगडीत कमीच पडायचा, पण त्या वर्षी ३० मॅचमध्ये फक्त १९ गोल खाल्ले. वोल्पाती ३३ वर्षांचा, फुटबॉल खेळता खेळता डॉक्टरकी शिकणारा, नंतर डेंटिस्ट झाला. इतरांनी नको म्हणून सोडलेली माणसं बान्योलीने एकेक करून वेचली आणि प्रत्येकाला त्याच्या जागेवर बसवलं.

१९८४ च्या उन्हाळ्यात दोन फॉरेनर आणले. डेन्मार्कचा एल्केयर, जो युरो सेमीफायनलच्या शूटआउटमध्ये पेनल्टी हुकवून आला होता, आणि जर्मनीचा ब्रीगेल. ब्रीगेल जर्मनीसाठी डिफेन्समध्ये खेळायचा, आधी अ‍ॅथलेटिक्स केलेला आडदांड गडी, मोजे खाली घसरलेले, तिकडे त्याला रोड रोलर म्हणायचे. बान्योलीने त्याला मिडफिल्डमध्ये घातलं आणि त्याने लीगमध्ये ९ गोल मारले! १९८५ ला जर्मनीचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलर म्हणून त्याची निवड झाली, परदेशात खेळत असताना हा मान मिळालेला तो पहिलाच.

सीझनची पहिली मॅच नापोलीशी, घरच्या बेन्तेगोदी स्टेडियमवर, माराडोनाची इटालियन लीगमधली पहिलीच मॅच. सगळा देश माराडोनाला बघायला बसलेला. बान्योलीने ब्रीगेलला त्याच्या मागे लावलं, ब्रीगेलने त्याला हलू तर दिलं नाहीच, वर स्वतः गोल मारला, ३-१. महिन्याभराने युव्हेंटस आलं, प्लॅटिनी, बोनिएक सगळे. व्हेरोना १-० ने पुढे असताना एल्केयर डाव्या बाजूने बॉल घेऊन सुटला, डिफेंडर पिओलीने (हाच तो स्टेफानो पिओली, पुढे कोच म्हणून मिलानला २०२२ ची लीग जिंकून देणारा) मागून पाय घातला, एल्केयर लडखडला, उजव्या पायातला बूट निघून गेला, पण गडी थांबलाच नाही, तसाच आत वळला आणि नुसत्या मोजातल्या उजव्या पायाने बॉल जाळ्यात. मी ही क्लिप यूट्यूबवर कितीदा बघितली असेल देव जाणे, दर वेळी मला बूट सुटल्यावर त्याने टाकलेल्या पुढच्या दोन पावलांचं नवल वाटतं, कारण कुठलाही दुसरा प्लेयर तिथे फाऊलसाठी हात वर करून पडला असता.

आता चिठ्ठ्या. तोपर्यंत कुठल्या मॅचला कुठला रेफ्री हे अधिकारी ठरवायचे, आणि मोठ्या क्लबांना झुकतं माप मिळतं ही कुरकुर जुनीच होती, त्यात १९८० च्या बेटिंग स्कँडलने लोकांचा विश्वास उडालेला. म्हणून १९८४-८५ ला सरसकट ड्रॉ काढायचं ठरलं. पुढच्या वर्षी ते बंद करून परत जुनी पद्धत आणली. एकच वर्ष ड्रॉ आणि नेमकं त्याच वर्षी छोटा क्लब चॅम्पियन, त्यामुळे लोक दोन आणि दोन चार करतात. माझं म्हणणं एवढंच की ड्रॉने व्हेरोनाला काही ‘दिलं’ नाही. चिठ्ठी काय त्यांच्याच बाजूने निघत नव्हती, ती सोळाही टीमसाठी सारखीच होती. फार तर एवढं म्हणता येईल की त्यांनी मैदानात कमावलेलं कुणी काढून घेतलं नाही. ३० मॅच, १५ विजय, १३ बरोबरीत, फक्त २ पराभव, ४३ पॉइंट (तेव्हा विजयाला दोनच मिळायचे), दुसऱ्या नंबरचं तोरिनो चार पॉइंट मागे. जानेवारीत अव्हेलिनोकडे पहिल्यांदा हरले तेव्हा सगळे म्हणाले झालं आता, फुगा फुटला. फेब्रुवारीत उदीनेला गेले, बघता बघता ३-० ने पुढे, मग तिथल्या उदिनेझे क्लबने तीनही फेडले, ३-३, अशा वेळी घाबरणारी टीम तिथेच संपते, हे मात्र ५-३ ने जिंकून आले. असली मॅच कुठला रेफ्री जिंकून देतो सांगा?

१२ मे १९८५ ला बेर्गामोत आतालांताशी १-१, आधी एक गोल खाल्ला, मग एल्केयरनेच फेडला, आणि एक मॅच बाकी असतानाच टायटल पक्कं. १९२९ ला सगळ्या देशाची एकच लीग झाली तेव्हापासून ज्या क्लबांनी ती जिंकलीय ते सगळे कुठल्या ना कुठल्या प्रांताच्या राजधानीतले. मिलान, तोरिनो, रोम, नापोली, बोलोन्या, फ्लॉरेन्स, जेनोआ, अगदी १९७० चं काल्यारीसुद्धा सार्डिनियाची राजधानी. अपवाद एकच, व्हेरोना, कारण व्हेनेतोची राजधानी व्हेनिस. लोक २०१६ ला इंग्लंडची लीग जिंकलेल्या छोट्या लेस्टरचं उदाहरण देतात, पण लेस्टर ज्या लीगमध्ये जिंकलं त्यात माराडोना, प्लॅटिनी, झिको आणि सॉक्रेटिस एकाच वेळी नव्हते.

त्यानंतरचं फार सुखाचं नाही. जिंकल्या जिंकल्या गारेल्ला नापोलीला गेला, फान्ना आणि डिफेंडर मारान्गोन इंटरला. युरोपियन कपमध्ये दुसऱ्याच राउंडला गाठ पडली युव्हेंटसशीच, युव्हेंटसच्या घरची, तोरिनो शहरातली मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये (मे १९८५ च्या हेसेल स्टेडियममधल्या दुर्घटनेची शिक्षा म्हणून), २-० ने हरले, आणि त्या मॅचच्या रेफ्रीचं नाव व्हेरोनात आजही रागानेच घेतात. १९९१ ला क्लबचं दिवाळं निघालं, २००७ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरले, पुढच्याच वर्षी चौथ्यात जाता जाता वाचले. मग हळूहळू वर येत २०१३ ला परत सेरी आ, आणि लुका टोनीने ३८ व्या वर्षी २२ गोल मारून २०१४-१५ चा संयुक्त टॉप स्कोरर होऊन दाखवलं.

एक गोष्ट लपवणार नाही. या क्लबच्या फॅन्समधल्या एका गटाचं वागणं लाजिरवाणं आहे. काळ्या प्लेयर्सना माकडांचे आवाज काढणं, दक्षिणेतल्या टीम्सना घाणेरड्या घोषणा, हे दशकानुदशकं चालू आहे, २०१९ ला विरुद्ध टीमच्या बालोटेलीने वैतागून बॉल थेट त्या स्टँडमध्ये मारला होता आणि मैदान सोडून निघाला होता. मला १९८५ ची टीम कितीही आवडत असली तरी हे चूकच आहे, आणि क्लबबद्दल विचारलंत म्हणून हेही माहीत असलेलं बरं.

बघायचं असेल तर आधी युव्हेंटसची मॅच बघा आणि मग उदीनेची. एल्केयरवर नजर जाणारच, पण त्रिचेल्ला मागून बॉल कसा काढतो आणि फान्ना उजवीकडून कधी पळायला लागतो तेही बघा, बान्योलीची टीम नेमकी कशी खेळायची ते तिथे कळतं.