‘नुकसान झाले’ हे इंग्रजीत कसे लिहावे?

श्रीवर्धनच्या आपल्या वाडीविषयीच्या इंग्रजी निवेदनात आपण ‘डॅमेज हॅपन्ड’ असे लिहिले, ते तपासणाऱ्याने खोडले, आणि त्यात व्याकरणाची चूक कोणती, असे आपण विचारले आहे. चूक व्याकरणाची नाही, शब्दांच्या सोयरिकीची आहे. मराठीत नुकसान ‘होते’, फटका ‘बसतो’, झळ ‘लागते’, संकट ‘ओढवते’, आणि ज्याच्यावर हे बेतते तो ‘बागायतदारांना’ किंवा ‘आम्हाला’ असा वाक्यात कडेला राहतो. इंग्रजीत बहुधा सोसणारा किंवा तडाखा देणारा यांपैकी एकजण कर्ता होतो, आणि क्रियापद त्यावर अवलंबून असते.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाला कर्ता केले, तर ‘कॉज्ड डॅमेज’ हे साधे आणि बिनचूक; ‘रीक्ड हॅवॉक’ बातमीत शोभते, अर्जात भडक वाटते. बागायतदार कर्ता असतील, तर ‘सफर्ड लॉसेस’ लिहावे. घराची भिंत खचली किंवा कौले पडून माणूस जखमी झाला, तर ‘सस्टेन्ड’ हे क्रियापद योग्य असून विम्याच्या कागदपत्रांत तेच रूढ आहे. ‘इन्कर’ मुख्यतः खर्च, कर्ज आणि तोटा यांसाठी राखून ठेवावे. जखमेला ते लावू नये.

‘डॅमेज’चे अनेकवचन मात्र कटाक्षाने टाळावे. मी स्वतः एका अर्जात मोडलेल्या पोफळींसाठी ‘डॅमेजेस’ लिहिले होते, आणि कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुकसानभरपाईची रक्कम असा होतो, हे मला समोरच्या कारकुनाकडून ऐकावे लागले.

‘टेक अ टोल’ हा प्रयोग आपण वादळाच्या त्या एका दिवसासाठी केला आहे. तो चुकीचा नाही, पण हळूहळू झिजवणाऱ्या त्रासासाठी तो अधिक नेमका आहे. (टोल म्हणजे वसुली, हे महामार्गावरून जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको.) उन्मळलेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपे फळाला येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात, त्या उत्पन्नाविना काढलेल्या वर्षांनी कुटुंबावर जो भार टाकला, त्याच्यासाठी हे शब्द वापरावेत.

आणखी एक किरकोळ दुरुस्ती: आपल्याकडे पाऊसही जोरदार आणि वाराही जोरदार, इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’. निवेदनाच्या दुसऱ्या ओळीतले ‘हेवी विंड’ तेवढे बदलावे.