कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर माळा-पैंजण विकणाऱ्यांना न दुखावता नकार कसा द्यायचा?

डिसेंबरात आईवडील आणि लहान मुलीला घेऊन कळंगुटला जाताय, आणि विकणाऱ्या बायका पिच्छा सोडत नाहीत असं ऐकून धास्तावलाय, असं तुम्ही लिहिलंय. धास्ती नको, पण एक सवय बदलावी लागेल.

ती सवय म्हणजे ‘नंतर बघू’. एरवी हा आपला सभ्य नकार असतो, पण किनाऱ्यावर तो वायदा धरला जातो. तासाभराने तीच बाई येऊन ‘तुम्ही म्हणाला होतात ना’ म्हणते, आणि तेव्हा नाही म्हणणं आणखी जड जातं. ‘उद्या’ आणि नुसतं कुतूहल म्हणून विचारलेलं ‘कितीला?’ यांचंही तेच. नजरेला नजर देऊन एकदाच ‘नको ताई’ म्हणा आणि आपल्या गप्पांकडे वळा. पुन्हा विचारलं तर तेच दोन शब्द, त्याच आवाजात. कारण सांगू नका. ‘सुटे नाहीत’ म्हणालात की क्यूआर कोड पुढे येतो, ‘घरी आहे’ म्हणालात की ‘बहिणीला घ्या’. यातल्या बऱ्याच बायका कर्नाटकातून आलेल्या लमाणी कुटुंबांतल्या असतात. त्यांना हिंदी येतं, अनेकींना मराठीही कळतं, तेव्हा त्यांच्यासमोर आपापसांत शेरे मारू नका. दिवसभर वाळूत ओझं घेऊन फिरणं हे कष्टाचं काम आहे.

माळ हातात देऊ लागल्या तर हात पुढे करू नका. ‘गिफ्ट है’ म्हणत मनगटावर दोरा बांधलाच, तर लगेच सोडवून त्यांच्या हातात किंवा टोपलीत परत द्या. वाळूवर ठेवलात तर ‘माल खराब झाला’ यावरून वाद होतो.

शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांच्या, खाटा घेताना पाण्याकडची पहिली रांग टाळा, कारण फिरते विक्रेते तिथूनच जातात. मागची, स्वयंपाकघराजवळची रांग घ्या. ज्यांना हा गजबजाटच नको, त्यांनी मांद्रे किंवा आगोंद गाठावं; आईवडिलांसाठी मी तरी तेच सुचवेन.

काही घ्यायचंच असेल तर किनारा सोडताना घ्या. आल्याआल्या एकीकडून घेतलंत की बाकीच्या पाहतात आणि पाच जणी भोवती बसतात. सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात करून निम्म्याच्या आसपास थांबा, आणि तुम्ही बोललेली किंमत तिने मान्य केली तर वस्तू घ्याच. तिथून माघार घेणं चुकीचं आहे. पाचशेची नोट देताना ‘हे पाचशे’ असं मोठ्याने म्हणा, म्हणजे शंभरच दिले होते हा घोळ होत नाही. ‘चांदी’चे पैंजण बहुधा जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचे असतात. निकेलने काहींच्या घोट्याला खाज सुटते. मोती दातावर हलकेच घासून पाहा: खरा खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत.

प्रवाळ, जाळीदार समुद्रपंखा आणि मोठे शंख स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. प्रवाळ, समुद्रपंखा आणि शंखांच्या काही जातींना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, आणि विकणाऱ्याइतकाच घेणाराही अडकतो. कान साफ करून देणाऱ्यांना तर ठाम नकारच द्या, कारण पडद्याला इजा झाली तर ती तिथे कोणी भरून देणार नाही.

वाट अडवणं, अंगाला हात लावणं, शिवीगाळ असं काही झालं तर वाद न घालता शॅकवाल्याला हाक मारा किंवा 112 लावा. पर्यटकांना माल घेण्यासाठी सतावणं हा गोव्यात गुन्हा आहे. कायद्यातल्या 2025च्या दुरुस्तीनंतर त्याला 5,000 ते 1 लाख रुपये दंड आहे. विकणारं लहान मूल असेल तर त्याच्याकडून काही घेऊ नका, 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा.

आणि मुलीच्या हातावर ‘काळी मेंदी’ काढू देऊ नका. खरी मेंदी आधी केशरी उमटते आणि मग तपकिरी होते. अर्ध्या तासात कुळकुळीत काळी होते तिच्यात बहुधा केसांच्या कलपाचं पीपीडी रसायन असतं, आणि त्याने काही दिवसांनी त्या नक्षीवर पाण्याचे फोड येऊ शकतात.