पॅन्थिऑन बघायला जाताय?

रोमला पहिल्यांदाच जाताय आणि इमारत नीट बघायची कशी असं विचारलंत, म्हणून सांगतो. एका दिवसात दहा ठिकाणं उरकू नका. पॅन्थिऑनला, म्हणजे तिथल्या प्राचीन रोमन देवळाला, निवांत दोन तास द्या.

आत शिरल्यावर लगेच फोन काढू नका. मधोमध उभे राहून वर बघा. घुमटाचा व्यास सुमारे 43 मीटर, आणि जमिनीपासून माथ्यावरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणूनच जागा एवढी प्रचंड असूनही अंगावर येत नाही. घुमट काँक्रीटचा आहे, तोही लोखंडी सळ्यांशिवाय, सम्राट हेड्रियनच्या काळातला. मग एकोणीसशे वर्षं टिकला कसा? खालच्या काँक्रीटमध्ये जड दगड आहे, वर जाता जाता तो हलका होतो, माथ्याशी तर प्युमिससारखा सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड. जाडीही वर कमी होत जाते. हे माहीत असलं की घुमटाच्या आतल्या बाजूला कोरलेल्या चौकोनी खणांच्या पाच रांगा वेगळ्याच दिसतात.

झरोका उघडाच आहे. पाऊस आला तर पळू नका, फरशीतली पाणी जायची छिद्रं शोधा! फरशीला किंचित उतारही आहे.

दर्शनी भागावर नाव अग्रिप्पाचं, म्हणजे इथलं आधीचं देऊळ बांधणाऱ्याचं. हेड्रियनने स्वतःचं कोरलं नाही, हे मला फार भावतं. चित्रकार राफाएलची समाधीही आतच आहे.

इ.स. 609 पासून हे चर्च आहे, तेव्हा खांदे झाकणारे कपडे घाला. 2023 पासून पर्यटकांना तिकीट लागतं, ते आधीच काढा.