गोष्टीसाठी पहिला जलड्रॅगन (पाण्यात राहणारा ड्रॅगन) बनवतोयस? आधी एवढंच बघ

आयडिया भारी आहे रे, पण पंख, आग, जादू जरा बाजूला ठेव आणि आधी हे ठरव:

- श्वास कल्ल्यांनी की फुफ्फुसांनी? फुफ्फुसं असतील तर त्याला वर यावंच लागणार, म्हणजे कोळ्यांना दिसणार, आणि गोष्ट तिथेच सुरू.
- पाणी गोडं की खारं? खारं असेल तर जास्तीचं मीठ कसं काढतो? गॅलापागोस बेटांवरचे समुद्री इग्वाना (मोठे सरडे) चक्क शिंकून नाकातून उडवतात, बिनधास्त ढाप.
- शेपूट मगरीसारखी डावी-उजवीकडे की व्हेलसारखी वर-खाली?

नवीन लोक हमखास एकच ड्रॅगन बनवतात आणि त्यालाच प्रजाती म्हणतात, अरे मग अंडी कुठे घालतात, पिल्लांना खातं कोण? उपप्रजाती, वंशावळ वगैरे आत्ता नकोच. एक पिल्लू काढ, मग बोलू.